मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

१० जुलै १९४४. इटलीतल्या वरच्या टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतली एक कंपनी जर्मनांच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली होती. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि एका सेक्शनमधले, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीतले, सगळे जवान पडले, काही ठार, काही जखमी. उभे राहिले ते एकटे सेक्शन कमांडर, नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. ते सरळ मशीनगनवर धावले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. गनवरच्या आणखी एकाला टॉमीगनने टिपले. पुढे व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात एक लहानसा तपशील येतो: मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. म्हणून त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले.

युद्धावरच्या लघुपटात लष्करी तपशील बिनचूक हवा का, या वादाचा निकाल या एका तपशिलात लागतो असे आमचे मत आहे.

टॉमीगन म्हणजे थॉम्सन सबमशीनगन. तिच्या सरळ मॅगझिनमध्ये २० किंवा ३० गोळ्या मावतात आणि ती मिनिटाला सुमारे ७०० गोळ्यांच्या वेगाने चालते. घोडा दाबून धरला तर ३० गोळ्या तीन सेकंदांच्या आत संपतात. रिकामे मॅगझिन काढायचे, पाऊचमधून भरलेले घ्यायचे, खाचेत बसवायचे, बोल्ट मागे ओढलेला आहे ना हे पाहायचे, याला सरावलेल्या माणसालाही चार-पाच सेकंद लागतात. समोर दोन जिवंत जर्मन असताना ते चार-पाच सेकंद घाडग्यांकडे नव्हते. पण थॉम्सनला लाकडी दस्ता असतो आणि बंदूक पाच किलोच्या आसपास भरते. त्या वजनाचा उपयोग त्यांच्या लक्षात आला. हा पराक्रम गोळ्या संपल्यामुळे घडलेला आहे. आता कल्पना करा की याच प्रसंगावरच्या बारा मिनिटांच्या लघुपटात नायकाची बंदूक दीड मिनिट थांबत नाही, किंवा भाड्याने तीच मिळाली म्हणून त्याच्या हातात आजची रायफल आहे. मग तो बंदूक उलटी का धरतो? प्रेक्षकाला वाटेल, चिडून. प्रत्यक्षात तो क्षणार्धात केलेला हिशेब होता.

पहिल्या परमवीर चक्राचेही तसेच. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरच्या विमानतळाजवळ बडगामला कुमाऊं रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा लढले तेव्हा त्यांचा डावा हात प्लॅस्टरमध्ये होता. माणसे कमी पडू लागली तेव्हा ते स्वतः मॅगझिन भरून लाइट मशीनगनवाल्यांना देत राहिले. ते काम काय असते हे दाखवले नाही तर वाक्य नुसते वाक्य राहते. ब्रेनगन ही त्यांची लाइट मशीनगन. तिच्या वाकड्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या मावतात. स्प्रिंगवर ताण नको म्हणून सहसा २८ भरतात. तिच्या .३०३ इंची काडतुसाला बुडाशी कड असते. प्रत्येक गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेपुढे बसली पाहिजे, नाहीतर कडा एकमेकींत अडकतात आणि गन ऐन वेळी थांबते. म्हणजे २८ वेळा, एकेक गोळी, अंगठ्याने दाबून, कड बघून. आणि दुसरा हात प्लॅस्टरमध्ये. कॅमेरा या हातांवर पूर्ण एक मिनिट ठेवावा. त्यासाठी तोफा लागत नाहीत, हेलिकॉप्टर लागत नाही. एक मॅगझिन आणि काडतुसांच्या हुबेहूब प्रतिकृती पुरतात.

'भावना पोचली म्हणजे झाले, बटणे कोण मोजतो?' हा आक्षेप नेहमी येतो. त्यातला अर्धा भाग आम्हाला मान्य आहे. बटण पितळेचे होते की प्लास्टिकचे, बुटाला किती भोके होती, यावरून लघुपट निकालात काढणे चूक आहे. हौशी जाणकारांनी अशा शेरेबाजीने कित्येक नव्या मुलांना नाउमेद केले आहे. पण सगळ्या चुका एका मापाच्या नसतात. कोणी, काय हातात असताना, किती अंतरावरून, किती वेळात काय केले, हे बदलणारी चूक म्हणजे खोटी साक्ष. तिला बजेटचे कारण चालत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९६२. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधल्या रेझांग ला इथे १३ कुमाऊंची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या हाताखाली लढली. उंची सोळा हजार फुटांच्या वर. सुमारे १२० जणांतले शंभराहून अधिक धारातीर्थी पडले. मधल्या डोंगरामुळे आपल्या तोफखान्याचा मारा त्यांच्या मदतीला येऊ शकत नव्हता. त्यांच्या हातात .३०३ ली-एनफिल्ड रायफल होती: दहा गोळ्यांचे मॅगझिन, पाच-पाच गोळ्यांच्या क्लिपने वरून भरायचे आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी. लघुपटात मात्र याच जवानांच्या हातात एसएलआर दिसते. एसएलआर ही २० गोळ्यांची, आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल भारतीय पायदळात आली ती या युद्धानंतर. दिसायला दोन्ही लाकडी दस्त्याच्या, लांब, जुनाट, म्हणून कला विभागाला फरक जाणवत नाही. पण फरक फार मोठा आहे. १९६२ च्या जवानाला एसएलआर देणे म्हणजे त्याला कोणत्या शस्त्रानिशी आणि कोणत्या कपड्यांत तिथे उभे केले गेले, हा देशाने विचारायचा प्रश्न पडद्यावरून पुसून टाकणे. पंधरा ऑगस्टला शाळेच्या सभागृहात तो लघुपट पाहणाऱ्या आठवीतल्या मुलाला शौर्य दिसेल, टंचाई दिसणार नाही. शिवाय ते जवान बहुतेक हरियाणातले अहीर होते. त्यांच्या तोंडी सिनेमातली पंजाबी मिसळलेली हिंदी घालणे हीसुद्धा त्यांच्या गावांवर केलेली चूकच.

पैशाचा प्रश्न खरा आहे. दोन-तीन लाखांत युद्ध उभे राहत नाही. पण हा प्रश्न चुकीच्या जागी सोडवला जातो. पैसे कमी म्हणून अचूकता कापली जाते आणि पटकथेतली बटालियन मात्र तशीच राहते. कापायची ती बटालियन. घाडग्यांच्या प्रसंगाला एक सेक्शन पुरतो, म्हणजे दहाच्या आत माणसे. मानपत्रातली बेरीज केली तर समोर मशीनगनवर चार जर्मन. तेरा-चौदा नट, एक मशीनगन, एक उतार. जुलैतल्या मध्य इटलीतले वाळके गवत आणि खुरटी झाडी आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पठारावर मिळते, हिरव्यागार सह्याद्रीत ऑगस्टमध्ये मिळत नाही. चित्रीकरणाची तारीख नटांच्या सोयीने न ठरवता गवताच्या रंगाने ठरवावी.

त्याहून कमी खर्चाचा विषय म्हणजे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचे अधिकारी, परमवीर चक्राचे मानकरी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणे हे त्यांचे काम. ८ तारखेला काम सुरू होण्याआधीच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे ठार आणि पाच जखमी झाले, जखमींत ते स्वतः होते. एका टप्प्यावर ते चालत्या रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले आणि दोरीच्या खुणांनी चालकाला थांब-चल सांगत राहिले. या प्रसंगाला अख्खा रणगाडा बांधायची गरजच नाही. स्टुअर्ट रणगाड्याखाली सरपटण्यापुरतीच जागा असते. प्लायवूडचे काळे छत, दोन बाजूंना पट्ट्यांचा भास, माती, दोर आणि इंजिनाचा आवाज यांवर दहा मिनिटे निघतात. अचूक दाखवायचे ते त्यांचे हात. सुरुंग शोधताना संगीन जमिनीत उभी खुपसत नाहीत; जमिनीशी सुमारे ३० अंशांच्या कलाने, हलक्या हाताने, थोड्या थोड्या अंतरावर सरकवतात, म्हणजे ती सुरुंगाच्या झाकणावर दाब न देता कडेला टेकते. उभ्या संगिनीने माती उकरणारा सॅपर पाहून खडकीत, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात, शिकलेला कुठलाही माणूस डोळे मिटून घेईल.

कामाची सुरुवात तारखेपासून करावी. साल, महिना, दिवस नक्की झाल्याशिवाय एकही कपडा भाड्याने आणू नये, कारण बहुतेक ढोबळ चुका तारखेच्याच असतात. २६ जानेवारी १९५० च्या आधी मेजरच्या खांद्यावर राजमुकुट असे. अशोकस्तंभाचे सिंह त्यानंतर आले. त्यामुळे बडगामच्या मेजर शर्मांच्या खांद्यावर सिंह दाखवले तर देश प्रजासत्ताक होण्याआधीच झाला असे होते. नायब सुभेदार हा शब्द १९६५ पासूनचा, त्याआधी जमादार. रिसाला म्हणजे रणगाडा दलात हवालदार नसतो, दफादार असतो. सुभेदार नसतो, रिसालदार असतो. सध्याचा ठिपक्या-चौकोनांचा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा लोकांसमोर आला, म्हणून २०१६ ची चकमक त्या गणवेशात दाखवता येत नाही. १९९९ च्या कारगिलमध्ये इन्सास चालते, पण इन्सास रायफल एकेक किंवा तीन-तीन गोळ्याच मारते. तिच्यातून सलग फैर झाडणारा जवान दिसला की पाहणाऱ्या माजी सैनिकाचा विश्वास तिथेच उडतो, मग पुढे आईचे पत्र कितीही हळवे असो.

शस्त्र नकली असावे यात वाद नाही. कोऱ्या, म्हणजे गोळी नसलेल्या, काडतुसातूनही तप्त वायू आणि कण बाहेर पडतात आणि जवळून जीवघेणी इजा होते. प्रशिक्षित शस्त्रप्रमुख नसलेल्या लहान युनिटने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण नकली शस्त्राचे वजन खरे हवे. .३०३ सुमारे चार किलोची, एसएलआर त्याहून थोडी जड. फायबरची रायफल किलोभराची असते. ती घेऊन पळणाऱ्या नटाची कोपरे वर उडतात, एका हातात ती काठीसारखी फिरते, तो वळला तरी खांदा खाली झुकत नाही. कितीही चांगला अभिनय असला तरी हे लपत नाही. आत लोखंडी गज घालून तोल मधोमध येईल असे वजन भरावे, पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, वर्तमानपत्रांऐवजी वाळूच्या पिशव्या घालाव्यात आणि चित्रीकरणाआधी आठवडाभर नटांना ते ओझे घेऊन रोज चढ चढायला लावावे. दम लागलेला माणूस तुटक बोलतो. सोळा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे कोणी चार ओळींचे भाषण एका श्वासात करत नाही. संवाद आपोआप छोटे होतात आणि ते चांगलेच आहे.

पटकथेत संवादांच्या बाजूला गोळ्यांचा हिशेब लिहावा. कोणाकडे किती मॅगझिन, कुठल्या दृश्यात किती गोळ्या गेल्या, कुठे बदलले. संपादनाच्या टेबलावर एक जादा शॉट टाकायचा मोह झाला की हा कागद समोर धरावा. बोल्ट रायफलच्या बाबतीत तर पक्का नियम हवा: नटाने बोल्ट ओढल्याशिवाय दुसऱ्या गोळीचा आवाज नाही.

ग्रेनेडचेही तेच. ३६ नंबरच्या ग्रेनेडची पिन दातांनी निघत नाही, दात निघतील. लिव्हर तळहातात घट्ट दाबून, दुसऱ्या हाताच्या बोटाने पिन ओढायची, फेकायचा, आडोसा घ्यायचा. लिव्हर सुटल्यावर सुमारे चार सेकंद. फुटल्यावर पेट्रोलसारखा नारिंगी गोळा उठत नाही. धूळ, करडा धूर, आणि तुकडे. गोळी लागलेला माणूस मागे उडून पडत नाही, कारण गोळीत जेवढा धक्का असतो तेवढाच रायफल झाडणाऱ्याच्या खांद्याला बसलेला असतो, आणि तो तर जागेवरच असतो. माणूस बहुतेकदा जिथे असतो तिथेच खाली कोसळतो. हे दृश्य नाट्यमय उडीपेक्षा कितीतरी जास्त हादरवते.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि खर्चही तिथेच सर्वांत कमी आहे. रायफलची गोळी आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगाने सुटते. त्यामुळे ज्याच्यावर गोळी झाडली त्याला आधी जवळून गेलेल्या गोळीचा कोरडा 'तडाक्' ऐकू येतो आणि मग दुरून बंदुकीचा 'ठप्'. एसएलआरच्या ७.६२ गोळीला ३०० मीटर कापायला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो, आवाजाला सुमारे ०.९ सेकंद. म्हणजे दोन आवाजांत जवळपास ११ फ्रेमचे अंतर. शिकलेला जवान याच अंतरावरून शत्रू कुठे आणि किती दूर आहे हे ताडतो. लघुपटात बहुतेक वेळा एकच 'ढिश्यांव' असतो आणि कॅमेरा कुठेही असो, तो तेवढाच मोठा येतो. ७०० मीटरवर पडलेला तोफगोळा आधी दिसतो, दोन सेकंदांनी ऐकू येतो. ते दोन शांत सेकंद कुठल्याही पार्श्वसंगीतापेक्षा भीतीदायक असतात, आणि फुकट मिळतात. शस्त्रांचे आवाजही वेगळे ठेवावेत. ब्रेनगन मिनिटाला सुमारे ५०० च्या चालीने ठकठक करते, जर्मन एमजी ४२ मिनिटाला १२०० पर्यंत जाते. ब्रेनच्या गोळ्या कानाला मोजता येतात. एमजी ४२ चा आवाज जाड कापड टराटरा फाडल्यासारखा येतो. घाडगे कशावर धावून गेले हे प्रेक्षकाला चित्रापेक्षा या आवाजाने जास्त कळेल.

बोलण्यातल्या चुका थोडक्यात. वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे बोलणे संपले. दोन्ही एकत्र येत नाहीत. ऐकू आले नाही तर 'रिपीट' म्हणत नाहीत, कारण तोफखान्याच्या भाषेत त्याचा अर्थ तोच मारा पुन्हा करा. जेसीओला, म्हणजे सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्याला, वरचा अधिकारीसुद्धा 'साहब' म्हणतो. तरुण लेफ्टनंट पांढऱ्या मिशांच्या सुभेदाराला नावाने हाक मारतो असे दाखवले तर पलटणीचा कणाच मोडला. उघड्या डोक्याने सलाम करत नाहीत. भूदलाचा सलाम तळवा समोर दाखवून, नौदलाचा तळवा जमिनीकडे ठेवून.

हे सगळे सांगणारा माणूस कोण? निर्माते सहसा निवृत्त कर्नल शोधतात, कारण श्रेयनामावलीत नाव शोभते. आमचा आग्रह निवृत्त हवालदाराचा. सेक्शन त्याने चालवलेला असतो. कोण कुठे झोपतो, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला, रात्री रायफल कुठे ठेवतात, मेलेल्या सोबत्याची ओळखचकती कोण काढतो, हे त्याला माहीत असते. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, रायगडमध्ये तर गावागावांत असा माणूस सापडतो. मात्र दल बघून माणूस निवडावा, तोफखान्याच्या माणसाला पायदळाच्या चढाईबद्दल विचारू नये. आणि त्याला पटकथेच्या पहिल्या खर्ड्याला बसवावे. चित्रीकरणाच्या दिवशी बोलावले तर तो फक्त टोपी सरळ करू शकतो. त्याला मानधनही द्यावे. फुकट चहावर अनुभव मागणे योग्य नाही.

जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर मंडळाला कळवले की लष्करावरचे चित्रपट, माहितीपट आणि वेबमालिका दाखवण्याआधी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतले जावे. काहींना वाटते, ही पद्धत लघुपटांनाही सक्तीची केली की चुका थांबतील. आम्हाला ते पटत नाही. परवानगी देणारे कार्यालय प्रतिमा जपते, ते त्याचे कामच आहे. पण रेझांग लाच्या जवानाच्या हातातली बंदूक जुनी होती हे दाखवणे प्रतिमेला रुचेलच असे नाही, आणि एसएलआर दाखवणारी पटकथा विनातक्रार पुढे सरकू शकते. शिवाय तीन लाखांचा लघुपट करणारी मुले महिनोन्महिने कागदाची वाट पाहू शकत नाहीत. ती विषयच सोडतील. अचूकतेची जबाबदारी दिग्दर्शकाची आहे आणि ती शासनाकडे सोपवता येत नाही. कायद्याचे जे पाळायचे ते वेगळे: सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने गणवेश घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. नटाचा तसा हेतू नसतो, पण गणवेशात, हातात नकली रायफल घेऊन तो नाक्यावर चहाला गेला तर पोलिसांना हेतू कसा कळणार? स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, जागा, नकली शस्त्रांची यादी लेखी द्यावी आणि सेटबाहेर पडताना गणवेश उतरवावा.

आणखी एक गोष्ट मराठी लघुपटांबद्दल खास सांगायची आहे, ती रणघोषणेची. मराठा पलटणीवरचा लघुपट म्हटला की पहिल्याच मिनिटाला 'बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय' येते आणि मग दर दोन मिनिटांनी येत राहते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्याच सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी काय केले ते मानपत्रात आहे. ते कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे जवान, होते. नदी ओलांडताना झालेल्या माऱ्यात जखमी झालेल्या दोघांना त्यांनी दोन खेपांत, खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून, सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन मशीनगनच्या एका मोर्च्यावर एकट्याने हल्ला केला. हाताला जखम झाल्यामुळे टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि ग्रेनेडवर आले. आणखी दोन मोर्चे ग्रेनेडनी उडवले. मध्ये ग्रेनेड संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. पूर्वेकडच्या बांधावरच्या सगळ्या मशीनगन गप्प झाल्या. मग, उखळी तोफांचे गोळे पडत असताना, ते बांधावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची रणघोषणा दिली आणि हात हलवून मागे राहिलेल्या कंपन्यांना नदी ओलांडायला बोलावले.